शिसपेन्सिलीच्या तीन ओळी

“हो हो बोलायला शिकवतेस नवऱ्याला. न्हाय बोलायला पन शिकव, वैनी,” पालीचा राघो म्हणाला होता, आणि उर्मिला हसली होती.

राघो म्हणजे तिला मासळी देणाऱ्या दुर्गाचा नवरा. जहाजावर खलाशी होता. पाय मोडून कोरियातल्या एका हॉस्पिटलात दहा दिवस पडलेला. शेजारच्या खाटांवर सगळे पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवरचे जखमी कामगार. त्यांच्याकडून ऐकलेले तीन शब्द त्याने सांगितले. त्याचा मान राखायचा म्हणून तिने ते, कोरियात कामाला पाठवणाऱ्या एजंटने पाठ करायला दिलेल्या वाक्यांच्या झेरॉक्सखाली, शिसपेन्सिलीने लिहून ठेवले. आफायो, दुखतंय. आन्द्वेयो, जमणार नाही. मॉमच्वोयो, थांबवा.

“हे परीक्षेत येणार नाही,” ती नवऱ्याला, धम्मपालला म्हणाली. “तुम्ही वरचं पाठ करा.”

परीक्षा एजंटच्या हाटकेशमधल्या गाळ्यात होती. बाकांवर बारा जण. पास होईल त्याच्या फॉर्मवर बायकोची सही लागायची, म्हणून बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. उर्मिलाच्या मांडीवर पाच वर्षांची स्नेहल, दप्तरासकट. दिवाळीपासून धम्मपालचा भाईंदरचा कारखाना बंद होता. नऊ वर्षं प्रेसवर काढलेला माणूस अजून सकाळी डबा भरायला सांगायचा, आणि मग आठवून ‘राहू दे’ म्हणायचा.

परीक्षा घेणारा एजंट चंदन दोन वर्षं तिकडे राहून आलेला. तो प्रसंग सांगायचा, उत्तर कोरियनमध्ये द्यायचं.

“साहेबाने काम समजावलं.”

“अल्गेस्सुम्निदा.” समजलं.

“साहेब ओरडला.”

“च्वेसोंगहाम्निदा.” माफ करा.

प्रत्येक उत्तराला उर्मिलाचे ओठ हलत होते. महिनाभर भाकरी थापता थापता तिनेच घोकून घेतलं होतं. अजून एकही चूक नव्हती.

“मशीनमधून आवाज येतोय,” चंदन म्हणाला. “साहेब म्हणतोय, थांबू नको, लवकर कर. बोल.”

सोपं होतं. पाल्ली हागेस्सुम्निदा, लवकर करतो. कागदावरचं अकरावं वाक्य.

धम्मपालने मान वर केली. “कसला आवाज?”

बाकावरचे हसले.

“अरे, कसला पण! तू काय फिटर लागून गेलास? उत्तर दे.”

“नाही, म्हणजे प्रेसचा साचा, डाय सैल झाल्यासारखा असेल तर...” तो थांबला. मग स्वच्छ म्हणाला, “मॉमच्वोयो.”

हसू बंद झालं. चंदनने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि खालच्या ओळी वाचल्या.

“हे मी दिलेलं नाही. कोणी शिकवलं?”

चंदन मागे उर्मिलाकडे वळला.

“वहिनी, अक्षर तुमचं?”

“हो.”

“शिकलेल्या दिसता. मग ऐका. तिथे नवा माणूस साहेबाला ‘थांबवा’ बोलला ना, तर त्याला रिटर्न पाठवतात. वर मला ऐकवतात, कैसा आदमी भेजा है. बाहेर चाळीस जण उभे आहेत, कोणीपण जाईल याच्या जागेवर.” त्याने कागद तिच्यापुढे धरला. “खोडा ते. मग मी परत विचारतो. एकदाच.”

उर्मिलाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने काहीतरी बोलावं म्हणून थांबली. तो आपल्या हातांकडे बघत होता. नऊ वर्षं प्रेसवर काढून दहाही बोटं जागेवर असलेला कारखान्यात तो एकटाच. बाकीचे त्याला ‘अख्खा धम्मपाल’ म्हणून चिडवायचे.

“स्नेहल, खोडरबर दे.”

“तो वासाचा आहे. संपवू नको हां.”

तिने खोडायला घेतलं. आफायो गेलं. आन्द्वेयो गेलं. मॉमच्वोयोपाशी कागद मऊ पडला होता, मळला होता. तिथे बोट ठेवून तो एकटाच पाठ करत असणार, ती झोपल्यावर. जपून खोडावं लागलं. भोवती स्ट्रॉबेरीचा वास पसरला.

“मशीनमधून आवाज येतोय. साहेब म्हणतोय, लवकर कर.”

“पाल्ली हागेस्सुम्निदा.”

“शाब्बास. वहिनी, या, सही करा.”

फॉर्मवर रबराचे कण पडले होते. तिने फुंकर मारली आणि सही केली.

“पण आई, पप्पांना आधीपण येत होतं ना,” स्नेहल म्हणाली.

धम्मपालला जाऊन आता सात महिने झाले. बेव्हर्ली पार्कच्या घरी दर पंधरा दिवसांनी पत्र येतं. आधीची सगळी त्याच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. शेवटची दोन दुसऱ्या कोणाच्या तरी. ‘कामातून वेळ मिळत नाही, म्हणून सोबत्याकडून लिहून घेतोय. काळजी नसावी, मी मजेत आहे.’ खाली सहीसुद्धा सोबत्याच्याच अक्षरात.

तिकडे निघालेल्या प्रत्येकाला उर्मिला त्याचा पत्ता लिहून देते. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर तुम्हीही घेऊन जा. तिचं एकच मागणं आहे. ‘बरा आहेस ना’ असं त्याला विचारू नका. तो हो म्हणेल; तेवढं तिनेच पाठ करून घेतलंय.

आधी त्याचे हात बघा.