निमित्त

"ताफा बुडू द्यायचा," साहेब म्हणाले.

तारा उकलणारा समोर उभाच राहिला. शेजारच्या तटस्थ देशातल्या शत्रूच्या राजदूताची गुप्त तार त्यानंच सकाळी उकलली होती. आपली तीन जहाजं कोणत्या वाटेनं जाणार, हे शत्रूला कळलं होतं. पाणबुड्या टपून होत्या.

"वाट बदलता येईल, साहेब."

"म्हणजे आपण त्यांच्या तारा वाचतो हे त्यांना कळेल, आणि उद्यापासून आपण आंधळे. वाट बदलायला निमित्त हवं. आहे?"

निमित्त नव्हतं. याच ताफ्यातल्या जहाजावर नेमणूक झालीय, असं त्याचा मुलगा निघताना सांगून गेला होता.

दुपारी तो जेवायला घरी गेला. युद्ध संपेल असं आता कोणी म्हणतही नव्हतं. खिडकीतला गुलाब मात्र फुटून वर आला होता.

"सुट्टीत पोरानं छाटला होता," बायको म्हणाली. "जहाजावर बाग लावायला शिकवतात की काय, कोण जाणे!"

"वाढ."

"स्वेटर घालत असेल ना हो? निळी लोकर संपली, म्हणून एक बाही करडी केली. खलाशी हसत असतील त्याला."

"थंडीत कोण हसतंय?"

"मग तुमच्या घशाखाली घास का उतरत नाही?"

तो ताटावरून उठला.

साहेबांच्या खोलीत तो न विचारता शिरला. "निमित्त आहे. त्यांच्या वकिलातीत नवा माळी लागलाय, मागच्या एका तारेत होतं. ही खबर आपल्याला त्यानं दिली, असं त्यांना वाटू द्या. त्याच्यासाठी आभाराची एक चिठ्ठी धाडायची, त्यांच्या हाती पडेल अशी."

"जीव घेतील त्याचा."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, साहेब. एका माळ्यासाठी कोण रडणार?"

साहेबांनी चिठ्ठीसाठी कागद पुढे ओढला.

तिन्ही जहाजं सुखरूप बंदराला लागली. त्या दिवशी तो पोटभर जेवला. "येईल पोरगं," एवढंच बायकोला म्हणाला. तिनं गुलाबाला पाणी घातलं.

पुढच्या आठवड्यात राजदूताची तार हाती आली. पेन्सिलीला टोक काढून तो एकेक शब्द उकलत गेला.

माळ्याला गोळी घातली. शेवटपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. अंगातला स्वेटर उसवून पाहिला. निळ्या बाहीत काही सापडलं नाही, करड्या बाहीतही नाही.