टायटॅनियमचा शेवटचा ठोकळा

पॉलिटेक्निकमधून फोन आला तेव्हा मी कारखान्यात, वनिताच्या प्रयोगाचा टायटॅनियमचा ठोकळा मिलिंग मशीनवर बांधून हात पुसत होतो. वनिता, माझी बायको, वर्गात शिकवताना कोसळली होती. दवाखान्यात पोचलो तोवर ती गेली होती.

द्रव नायट्रोजनने थंड ठेवून कठीण धातू कापताना कटरवर किती जोर येईल, हे आधीच सांगणारं गणित ती मांडत होती. थंडीने धातू आणखी कडक होतो, त्यामुळे तिचा अंदाज दर वेळी कमी पडायचा. गणित तिने दुरुस्त केलं. ते पडताळायला हा एकच ठोकळा उरला होता, आणि मशीनवरून एकदा उतरवलेला जॉब, म्हणजे कापायला बांधलेला तुकडा, पुन्हा तसाच बसत नाही.

तेराव्यानंतर कामावर गेलो, ते ठोकळा उतरवला असणार असं धरूनच. तो जागेवर होता, वर स्वच्छ फडकं टाकलेलं.

"शेठ, मशीन इतके दिवस बंद ठेवलंत?"

"बंद कुठं? बाईंचा जॉब लागलाय ना," कारखान्याचे मालक बोराडेशेठ म्हणाले. "नायट्रोजन ताजा भरून आणलाय. बोलत बसलास तर उडून जाईल."

काप घेतला. मशीनच्या पडद्यावर दिसणारा जोर वनिताने सांगितलेल्या आकड्याला जवळजवळ चिकटून राहिला. मी शेठच्या पाया पडायला वाकलो.

"ऊठ, पाठ धरेल," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. त्यांचे हे उपकार मी जन्मभर मानीन.

हे गणित नव्या कटरचं आहे. झिजलेल्या कटरचं तिने अजून मांडलं नव्हतं. ते राहिलं आहे.