बोटीला बोलावणं

पाण्यात पडलेल्या काकूंनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे हलवले आणि किनाऱ्यावरून बोट लगेच सुटली. आजही लगेच! काकूंना रडूच कोसळलं. वाचवायला बोट येते म्हणून रडणारी बाई त्या किनाऱ्यावर दुसरी कुणी नसेल.

बोटवाल्याने त्यांना काखेत धरून वर ओढलं, त्यांच्या फळीचं शीड गुंडाळलं, फळी बोटीच्या मागे बांधली. पहिल्या दिवसापासून माणूस मिठाची गुळणी धरून होता.

किनाऱ्यावर शिबिरातली पोरं वाटच बघत होती.

"काकू, तुम्ही वाऱ्यावर चालता की बोटीवर?"

"तुमच्यापायी बोटवाल्या काकांना धड चहासुद्धा पिता येत नाही हो!"

काकूंनी हसून साजरं केलं. शिडाची फळी चालवायला, म्हणजे विंडसर्फिंग शिकायला त्या आल्याच नव्हत्या. पन्नाशी उलटलेल्या, तळ्याकडेसुद्धा लांबूनच बघणाऱ्या बाईला असली हौस कुठून असणार? गेल्या वर्षी याच शिबिरात, याच पाण्यात त्यांचा एकुलता एक मुलगा बुडाला होता. बरोबरची पोरं म्हणाली, तो बोटीला बोलावत होता. बोटवाल्याने चौकशीत सांगितलं, त्याने बोलावलंच नाही. प्रकरण तिथंच मिटलं.

काकूंच्या मनात ते मिटलं नाही. हा माणूस कामचुकार आहे, बोलावलं तरी जागचा हलत नाही, हे त्यांना चारचौघांत उघडं पाडायचं होतं. त्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती. म्हणून माहेरच्या नावाने त्यांनी शिबिरात नाव घातलं, रोज पाण्यात पडल्या, रोज हात हलवले. आठवडा संपत आला तरी तो मेला एकदाही उशिरा आला नव्हता.

पहिल्या सकाळी कोचने सगळ्यांना वाळूत बसवून खुणा शिकवल्या होत्या. दोन्ही हात डोक्यावर, फुलीसारखे, म्हणजे मदत हवी. एक हात सरळ वर, म्हणजे मी ठीक आहे, येऊ नका.

"आणि जुनं दुखणं कुणी लपवू नका," तो म्हणाला. "कंबर, गुडघा, काहीही असेल तर आत्ताच सांगा."

काकूंचा गुडघा ठणकत होताच. त्या गप्प बसल्या. असल्या बाबतीत खरं बोलून कुणाचं भलं झालंय, असं त्यांचं आयुष्यभराचं मत होतं.

मग तो घट्ट रबरी पोशाख चढवताना त्यांचा हात बाहीत अडकला आणि त्यांना मुलगा आठवला. वीस वर्षांचा घोडा, पण सकाळी सदरा आईने चढवायचा. आधी डावी बाही, मग उजवी. "अगदी लाडोबा करून ठेवलाय वहिनीनं," असं नणंद येताजाता ऐकवायची. काकूंनी तिला कधी उलट उत्तर दिलं नाही. तंबूच्या कोपऱ्यात, अर्धवट चढवलेल्या बाहीत हात तसाच ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

शिबिराला पाठवलं होतं तेही त्यांनीच. मोटरसायकलवरून पडल्यापासून पोरगा पार घरकोंबडा झाला होता. मित्र नकोत, बाहेर जाणं नको, दिवसभर भिंतीकडे तोंड. चार दिवस मोकळा वारा लागला तर माणसात येईल, या एका आशेवर त्यांनी त्याला ढकलून बसमध्ये बसवलं होतं.

दुसरा दिवस शिबिराचा शेवटचा. वारा जमिनीवरून समुद्राकडे सुटला होता. पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी पिंपापलीकडे कुणी जायचं नाही, असं कोचने निक्षून सांगितलं होतं. काकू गेल्या. फळी त्यांना नेत राहिली आणि त्यांनी नेऊ दिली. याच बाजूला कुठंतरी तो गेला होता. मग शीड आडवं झालं आणि त्या पाण्यात पडल्या. नाकातोंडात खारट पाणी गेलं. त्यांनी फळीला हात घातला, पण बोटीला बोलावलं नाही. आता कशाला? उद्या रिकाम्या घरात जायचं, रिकाम्या हातांनी जायचं, त्यापेक्षा हे काय वाईट?

तरीही इंजिनाचा आवाज आला.

"बोलावलं नव्हतं मी!" बोटीत ओढल्या गेल्यावर काकू किंचाळल्या.

"माहीत आहे."

"मग कशाला आलात?"

"मी आता बोलावण्याची वाट बघत नाही, ताई."

काकूंचा बांध फुटला. त्यांनी त्याच्या सदऱ्याची गळपट्टीच धरली. "मग माझ्या मुलासाठी का नाही आलास? त्यानं बोलावलं आणि तू बसून राहिलास! गेल्या वर्षी, याच पाण्यात!"

बोटवाल्याने इंजिन बंद केलं.

"तुम्ही त्याच्या आई होय," तो म्हणाला. "बसून नव्हतो राहिलो, ताई. तो पडला तशी बोट काढली होती. अर्ध्या वाटेत होतो. त्यानं हात वर केला. एकच. सरळ, उंच. म्हणजे येऊ नका. मी पण हात केला आणि वळलो. मागं बघितलं तर परत तोच एक हात. मला वाटलं, पोरगं मजेत आहे. वर्षभर हेच घोकतोय. जीव जात असताना माणूस दुसरा हात उचलत नाही? तुम्ही आई आहात, तुम्हीच सांगा. का नाही उचलला त्यानं दुसरा हात?"

काकूंच्या हातातली गळपट्टी सुटली. त्यांना बसची खिडकी दिसली. खिडकीत मुलगा उजव्या हाताने डावा खांदा चोळत होता. "आई, याचं तिथं सांगू ना?" त्याने विचारलं होतं.

"खुळा की काय!" काकू दटावून म्हणाल्या होत्या. "हात वर जात नाही कळलं, तर दारातूनच परत पाठवतील."