दुखण्याचा पट्टा

भाकरी थापताना मंजूषाच्या मांडीत कळ आली आणि ती परातीवरच वाकली. अपघातात मोडलेला पाय नवऱ्याचा, श्रीरंगचा होता. त्याचं दुखणं ओढून घेणारा पट्टा मात्र तिच्या मनगटावर होता.

"काठीशिवाय चालतोयस ना?" तिनं ओरडून विचारलं.

"अगं, मला काही दुखत नाही," बाहेरून उत्तर आलं. "गॅलरीत फेऱ्या मारतोय."

सासूबाईंनी तिच्या हातातला पट्टा सोडवला. "श्रीरंग, आज पट्टा मी घालतेय रे," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या निवांत वाटाणे सोलत बसल्या होत्या. "मला तर दिवसभर काहीच जाणवलं नाही," त्या मंजूषाला म्हणाल्या. "तू उगाच कण्हत असतेस."

मंजूषानं खोलीत डोकावून पाहिलं. आईनं पट्टा घातल्यापासून श्रीरंगनं पलंगावरून खाली पाय ठेवला नव्हता.