शून्यावरचा उजेड

"स्क्रीन शून्यावर आणली तरी उजेड दाराखालून बाहेर जातो." लिनक्स संगणकांवर स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारा प्रोग्राम अमेरिकेतल्या डलूथ गावचा डॅरल हौसेने सांभाळायचा. त्याच्याकडे ही निनावी तक्रार आली.

"इतका अंधार कशाला हवा?" त्याने लिहून विचारलं.

"लपून बहिणीला लिहिते. नवऱ्याला उजेड दिसला की दार फोडून आत येतो आणि रक्त येईपर्यंत मारतो."

डॅरलचं डोकंच फिरलं. "असल्या हरामखोराचे हात तोडले पाहिजेत! थांबा बाई, आत्ताच दुरुस्त करतो." समोरचं जेवण सरकवून त्याने उजेड आणखी पाच पायऱ्या खाली नेला.

"आता नाही दिसत. परक्यांचं किती ऐकता हो तुम्ही!"

खुशीत शीळ घालत डॅरल कॉफी घ्यायला उठला. गेल्या आठवड्यात त्यानेच लाथेने फोडलेल्या तळघराच्या दारावरून स्वयंपाकघरात आला. तिथे मेरिबेथ, त्याची बायको, उघड्या लॅपटॉपपाशी उभी होती. तिचा एक हात प्लास्टरमध्ये होता, दुसऱ्यात सरपणाची कुऱ्हाड.

"हात तोडले पाहिजेत, तूच म्हणालास ना?" ती म्हणाली. "ठेव टेबलावर. उजवा आधी."