शांत गाण्यातला खोकला

ज्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही तेही हल्ली या बँडचे भक्त म्हणून मिरवतात, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. करवती आणि बादल्या वाजवणाऱ्या या बँडचं एकच गाणं शांत होतं. ते चालू असताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हा जुन्या चाहत्यांचा दंडक.

तरी प्रत्येक कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं त्याच गाण्यात कोणीतरी खोकायचं. दोनदा कोरडं, मग एकदा छातीतून.

"तोच गाढव!" चष्मेवाला चरफडायचा. "खोकायचंय तर घरी बसून खोक की!"

आज त्याचा मेव्हणा चष्म्यांच्या दुकानात त्याच शांत गाण्याचं नवीन रेकॉर्डिंग घेऊन आला. "दाजी, हे बंद स्टुडिओतलं आहे. श्रोतेच नाहीत, कटकटच नाही."

त्याने स्पीकर काउंटरवर ठेवला. करवतीचा सूर विरत गेला, आणि त्या शांततेत कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग एकदा छातीतून.

चष्मेवाल्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी स्पीकरच बोलला. आवाज चष्मेवाल्याचाच होता. "छ्या! गाढवांचा बाजार झालाय नुसता!"

"अगदी खरं, दाजी," मेव्हणा स्पीकरकडे बघून हसला.

"अरे, मी इथे आहे!" असं चष्मेवाला ओरडायला गेला. तोंडातून शब्द आलेच नाहीत. आला तो खोकला. दोनदा कोरडा, मग एकदा छातीतून.

मेव्हण्याने वैतागून दुकानभर नजर फिरवली. ती चष्मेवाल्यावरूनही फिरली, पण थांबली नाही. मग तो स्पीकरकडे वाकला.

"कोण हो हा गाढव, दाजी?"