मधोमध डोंगर

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तसा फोटोग्राफर श्रीपादने नवरीचा एक फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. मोतीबिंदू वाढल्यापासून पडद्यावरचे चेहरे त्याला धूसर दिसत. ठळक दिसायचा तो फक्त कोपऱ्यातला उजेडाचा आलेख, डोंगरासारखा. डोंगर डावीकडे झुकला की फोटो काळा, उजवीकडे झुकला की पांढराफटक. गेल्या हंगामातली सगळी लग्नं त्याने या डोंगराच्या भरवशावर काढली होती आणि घरीसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं.

मंडपामागच्या उन्हामुळे समोरची माणसं काळी पडून आत्ता डोंगर पार डावीकडे गेला होता. त्याने घाईघाईने कॅमेऱ्याचं चाक फिरवलं, फोटो काढला, पुन्हा फिरवलं. भटजींनी ‘सावधान’चा सूर लांबवला. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि त्याने बटण दाबलं. दुसरा फोटो घेणार तोच नवरीच्या मामांचं डोकं मध्ये आलं.

मिळाला तो एकच. श्रीपादने लगेच आलेख पाहिला. डोंगर बरोबर मधोमध होता. त्याच्या जिवात जीव आला.

पंगतीआधी नवरी त्याच्या शेजारी येऊन बसली. “काका, अंतरपाटाचा दाखवा ना.”

“एकदम झकास आलाय,” म्हणत त्याने कॅमेरा पुढे केला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग कुणी ऐकत नाही ना हे पाहून हळूच म्हणाली, “काका, यात माझे डोळे मिटलेत.”

श्रीपादने कॅमेरा अगदी डोळ्यांजवळ नेला. डोंगर अजूनही मधोमध होता.